पडद्यावरची चकमक आणि मोठचा रस्ता

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बडागाव, पारीछा, चिरगाव आणि मोठ ही गावे लागतात. झाशी मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाईमुळे परिचित आहे. चिरगाव हिंदी वाचकाला मैथिलीशरण गुप्तांमुळे. मोठ या तहसिलीच्या गावाचे नाव मात्र देशभर गेले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, एका गोळीबारामुळे.

पोलिसांचे निवेदन असे होते : ५ ऑक्टोबरच्या रात्री मोठ ठाण्याचे प्रमुख रजेवरून स्वतःच्या मोटारीने परतत असता पुष्पेंद्र यादव या तरुणाने व त्याच्या साथीदारांनी त्यांच्यावर गोळी झाडली आणि मोटार पळविली, त्यानंतर काही तासांतच गुरसराय भागात झालेल्या चकमकीत पुष्पेंद्र ठार झाला. काही दिवसांपूर्वी ठाण्याने त्याचा वाळूचा ट्रक पकडला होता, त्याचा हा सूड होता. कुटुंबीयांचे म्हणणे नेमके उलटे होते : ट्रक सोडविण्यासाठी पैशांची मागणी झाली, देवघेवीवरून वाद झाला, तरुणाला ठार करण्यात आले आणि मागाहून चकमकीची कहाणी रचण्यात आली. कुटुंबीयांनी मृतदेह स्वीकारण्यास नकार दिला, तेव्हा पोलिसांनीच अंत्यसंस्कार उरकले.

या दोन कहाण्यांपैकी खरी कोणती, याचा निवाडा वृत्तपत्राने किंवा राजकीय पक्षाने करावयाचा नसतो. तो स्वतंत्र तपासाने आणि न्यायालयाने करावयाचा असतो. परंतु तपासाला प्रारंभ होण्यापूर्वीच हजारो लोकांनी आपला निवाडा देऊन टाकला होता. "गुंड होता, मेला," हे वाक्य घटनास्थळाचा पंचनामा होण्याआधीच तयार होते. इतक्या घाईने असा निवाडा कशाच्या आधारावर दिला जातो? चकमक म्हणजे काय असते याचे एक चित्र लोकांच्या मनात आधीच तयार असते, आणि ते चित्र चित्रपटाने व रहस्यकथेने रंगविलेले असते. ते वास्तवाशी कोठे जुळत नाही, याचा शोध घेणे हा केवळ कलासमीक्षेचा विषय नव्हे. तो लोकशाही हक्कांचा प्रश्न आहे.

प्रेक्षक हाच साक्षीदार

बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाच्या कथांवर महाराष्ट्रातील दोन पिढ्या वाढल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने तोच माल भव्य स्वरूपात देशभर पोचविला. 'जंजीर' (१९७३) मधील संतप्त इन्स्पेक्टरपासून 'अब तक छप्पन' (२००४), 'शूटआऊट ॲट लोखंडवाला' (२००७) आणि 'शूटआऊट ॲट वडाला' (२०१३) पर्यंत ही परंपरा अखंड आहे. तिचे काही ठरलेले नियम आहेत. दोन्ही बाजू सशस्त्र असतात. गोळीबार दीर्घकाळ चालतो. पहिली गोळी बहुधा गुन्हेगार झाडतो. नायक जखमी होतो, पण त्याचा नेम चुकत नाही. मरण्यापूर्वी खलनायकाला एखादे वाक्य बोलण्याचीही सवड मिळते. शेवटची गोळी सुटली की कथा संपते आणि प्रेक्षागृहातील दिवे लागतात.

या सर्व गोष्टी वास्तवाला धरून नाहीत, हे शाळकरी मुलालाही कळते. खरी फसवणूक निराळ्याच ठिकाणी आहे. चित्रपटाच्या पूर्वार्धात प्रेक्षकाने खलनायकाला खून करताना, गरिबाची झोपडी जाळताना, बालकाला अनाथ करताना प्रत्यक्ष पाहिलेले असते. प्रेक्षक हाच साक्षीदार असतो आणि त्याच्या मनात शंकेला जागा नसते. म्हणून उत्तरार्धात वकील, न्यायाधीश, पुरावा हे सारे त्याला निरर्थक अडथळे वाटतात. रस्त्यावरील चकमकीत परिस्थिती याच्या अगदी उलट असते. तेथे गुन्हा कोणी पाहिलेला नसतो आणि चकमकही कोणी पाहिलेली नसते. घटनेची हकीकत सांगणारा एकच पक्ष उरतो आणि तो गोळी झाडणारा असतो. तरीही चित्रपटाने दिलेली निःशंकता लोक घराबाहेर पडताना बरोबर घेऊन जातात आणि जेथे शंका घेणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, तेथे टाळ्या वाजवितात.

'शोले'ची एक हकीकत या संदर्भात बोधप्रद आहे. मूळ शेवटात माजी पोलीस अधिकारी असलेला ठाकूर गब्बरला ठार मारतो असे चित्रित झाले होते. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. शेवट बदलण्यात आला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे दाखविण्यात आले. पडद्यावर कायद्याची अशी काळजी वाहणाऱ्या त्याच राजवटीत १९७६ साली केरळमधील राजन हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी पोलीस छावणीत नेला गेला तो परत आला नाही. आंध्रात नक्षलवादी म्हणून पकडलेले तरुण 'चकमकीत' मारले गेल्याच्या तक्रारींची चौकशी १९७७ साली तारकुंडे समितीला करावी लागली. कायदा हातात घेण्याचा मक्ता राज्ययंत्रणेने स्वतःकडे राखून ठेवला होता.

रस्त्यावरची पटकथा

वास्तवातील चकमकीलाही एक पटकथा असते. ती ठाण्यातील कागदावर लिहिली जाते आणि उत्तर प्रदेशापासून महाराष्ट्रापर्यंत तिच्यात विलक्षण साम्य आढळते. खबऱ्याकडून खात्रीलायक बातमी मिळाली, नाकाबंदी केली, संशयित मोटारसायकलवरून आले, थांबण्याचा इशारा देताच त्यांनी गोळीबार केला, स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, एक जखमी झाला व रुग्णालयात नेल्यावर मृत घोषित करण्यात आला, साथीदार अंधाराचा फायदा घेऊन पळाले, घटनास्थळी एक देशी कट्टा व काही काडतुसे मिळाली. वेळ बहुधा रात्रीची किंवा पहाटेची असते आणि जागा आडरानाची. रहस्यकथेचा लेखकही प्रत्येक पुस्तकात प्रसंग बदलण्याचे कष्ट घेतो. येथे बहुधा नाव आणि तारीख तेवढी बदलते.

ही पटकथा प्रत्यक्ष घटनेपूर्वीच कशी तयार असू शकते, याचे प्रात्यक्षिक झाशी जिल्ह्यानेच घडविले आहे. एप्रिल २०१८ मध्ये मऊरानीपूर ठाण्याच्या प्रमुखाचे एका स्थानिक पुढाऱ्याशी झालेले दूरध्वनीवरील संभाषण ध्वनिमुद्रित होऊन सर्वत्र पसरले. चकमकींचा हंगाम सुरू झाला आहे, तुमचाही क्रमांक लागू शकतो, वाचावयाचे असेल तर सत्ताधारी पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना व आमदारांना सांभाळून घ्या, असा त्या संभाषणाचा आशय होता. अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. पण प्रश्न एका अधिकाऱ्याच्या जिभेचा नव्हता. चकमक ही अचानक उद्‌भवलेली आपत्ती असेल, तर तिचा हंगाम कसा असतो? आणि कोणाला सांभाळले म्हणजे ती टळते, हे ठाण्याला आधीच ठाऊक कसे असते?

सरकारी आकडेही स्वतःच बोलतात. मार्च २०१७ पासून जुलै २०२५ पर्यंत उत्तर प्रदेशात सुमारे १५ हजार चकमकी झाल्या, त्यांत दोनशेहून अधिक माणसे ठार झाली आणि नऊ हजारांहून अधिक जणांच्या पायाला गोळी लागली, असे राज्याच्या पोलिसांनीच अभिमानाने जाहीर केले. अंधारात, पळत्या माणसावर, समोरून गोळ्या येत असताना हजारो वेळा नेमका पायाचा वेध घेणारी नेमबाजी कोणत्याही पटकथालेखकाला कल्पिता आलेली नाही. लोकांनी या प्रकाराला 'ऑपरेशन लंगडा' असे नाव दिले आहे. त्या नावातच जनतेचे आकलन आहे. दुर्दैवाने त्यात विनोदही आहे, आणि तो विनोद धोकादायक आहे.

मोठच्या अलीकडे, त्याच महामार्गावरील पारीछा धरणाच्या परिसरात १३ एप्रिल २०२३ रोजी प्रयागराजच्या उमेश पाल हत्येतील आरोपी असद अहमद व त्याचा साथीदार विशेष पोलीस दलाच्या गोळीबारात ठार झाले. हा गोळीबार कोणी पाहिला नाही. दोनच दिवसांनी, १५ एप्रिलला, असदचे वडील माजी खासदार अतीक अहमद आणि चुलते अशरफ यांची प्रयागराजमध्ये हत्या झाली. ते पोलिसांच्या ताब्यात होते, हातांत बेड्या होत्या आणि समोर दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू होते. पत्रकार म्हणून आलेल्या मारेकऱ्यांनी अवघ्या काही सेकंदांत दोघांना संपविले आणि शस्त्रे टाकली. पोलिसांच्या बाजूने त्यांच्यावर एकही गोळी सुटली नाही. देशाने पाहिलेला खरा गोळीबार असा होता : गोंधळाचा, क्षणार्धाचा, संवाद नसलेला. अतीक अहमदच्या गुन्ह्यांबद्दल सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. परंतु पारीछाला जे दल इतके तत्पर होते, त्याच राज्याचे पोलीस कॅमेऱ्यासमोर इतके निश्चल का राहिले, हा प्रश्न विचारणे हा गुन्हेगाराचा कैवार ठरत नाही.

वाळूच्या ढिगाखाली काय आहे

चित्रपटातील खलनायक मेला की गुन्ह्याचे मूळ नाहीसे होते. वास्तवात पुष्कळदा त्या मुळाकडे जाणारी वाट बंद होते. मोठच्या प्रकरणाच्या तळाशी वाळू होती. बुंदेलखंडातील बेतवा, केन, धसान या नद्यांतून निघणारी मौरंग म्हणजे या दुष्काळी प्रदेशातील सर्वांत मोठा रोख धंदा. बेकायदा उत्खननाचे हे साम्राज्य एका ट्रकमालकाने उभे केलेले नाही. बुंदेलखंडातीलच हमीरपूर जिल्ह्यातील खाणपट्ट्यांच्या वाटपाचे प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि त्यात थेट जिल्हा प्रशासनातील उच्चपदस्थांवर गुन्हे नोंदविण्यात आले. पट्टेदार, ठेकेदार, अधिकारी आणि पुढारी अशी ही साखळी आहे. तिच्या तळाशी पोटासाठी ट्रक चालविणारे आणि नदीत उतरून वाळू उपसणारे असतात. रस्त्यावर मरतो तो साखळीतील सर्वांत खालचा किंवा मधला दुवा. तो न्यायालयात उभा राहिला असता तर हप्ता कोणाला पोचत होता हे सांगू शकला असता.

विकास दुबेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २००१ साली शिवली ठाण्याच्या आत एका सत्ताधारी नेत्याचा खून झाला. त्या खटल्यात साक्ष देणारे फिरले, त्यांत पोलीसही होते, आणि दुबे निर्दोष सुटला. जुलै २०२० मध्ये कानपूरजवळच्या बिकरू गावात त्याच्या टोळीने आठ पोलिसांची हत्या केली. १० जुलैला, उज्जैनहून आणताना मोटार उलटल्यावर पळू लागला म्हणून तो मारला गेला. न्यायमूर्ती चौहान आयोगाला पोलिसांची हकीकत खोटी ठरविण्याजोगा पुरावा मिळाला नाही. परंतु दुबेला स्थानिक पोलीस व अधिकाऱ्यांचे संरक्षण लाभत होते, हे त्याच आयोगाने नोंदविले. वीस वर्षे त्याला पोसणाऱ्यांची नावे न्यायालयात त्याच्या तोंडून कधीच बाहेर येणार नाहीत.

शिपायाचे मरण

बिकरूची ती रात्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवली पाहिजे. खरी चकमक, जिच्यात समोरून खरोखर गोळ्या येतात, ती बिकरूसारखी असते. रस्त्यात आडवे लावलेले यंत्र, अंधार, गच्चीवरून होणारा मारा आणि छाप्याची बातमी आधीच फुटलेली. ती फोडल्याच्या आरोपावरून पुढे पोलिसांनाच अटक झाली. तेथे कोणी नायक नव्हता. बळी पडले ते एक उपअधीक्षक आणि त्यांचे हाताखालचे सहकारी.

चित्रपटात शिपाई एकतर विनोदासाठी असतो किंवा नायकाच्या मागे धावण्यासाठी. वास्तवात तो शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा मुलगा असतो. कामाचे तास अमर्याद, राहण्याची जागा अपुरी आणि वरिष्ठांचा शब्द अंतिम. या परिस्थितीविरुद्ध १९७३ साली उत्तर प्रदेशच्या प्रांतीय सशस्त्र दलाने आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केले, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी त्यांच्यावर सैन्य व निमलष्करी दले घातली. बनावट चकमकीत वरचा अधिकारी तोंडी आदेश देतो, चाप शिपाई ओढतो आणि खटला उभा राहिला तर तुरुंगातही तोच आधी जातो. राज्ययंत्रणेच्या हिंसेला विरोध करताना या माणसाला शत्रू मानणे ही राजकीय चूक ठरेल. बेकायदा आदेश नाकारण्याचा त्याचा अधिकार हा लोकशाही मागण्यांच्या यादीत असलाच पाहिजे.

मुंबईने दिलेला धडा

उत्तर प्रदेशाकडे बोट दाखवून महाराष्ट्राला मोकळे होता येणार नाही. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे मारला गेला. ही मुंबई पोलिसांची पहिली नोंदलेली चकमक मानली जाते. १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली आणि त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. या काळात काही अधिकाऱ्यांच्या नावापुढे मारलेल्या माणसांचा आकडा पदवीसारखा लावला जाऊ लागला. वृत्तपत्रांनी त्यांच्या मुलाखती छापल्या आणि चित्रपटांनी त्यांच्यावर कथा रचल्या.

११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीहून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला मित्रासह उचलण्यात आले. त्याच्या वकील भावाने तत्काळ वरिष्ठांकडे तारा व फॅक्स पाठविले. त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 'चकमक' झाली. पोलिसांच्या पटकथेत त्या तारांना जागा नव्हती. पण कागदावरील वेळ पुसता आली नाही. मार्च २०११ मध्ये प्रमुख साक्षीदार साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह मिळाला. तरीही खटला चालला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी निर्दोष सुटलेले 'चकमकफेम' अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आहे. ज्या कथेचा शेवट चित्रपटाने गोळीबरोबर केला असता, ती वास्तवात त्यानंतर अठरा वर्षे चालली.

सर्वच कथासाहित्य असत्याची पाठराखण करते, असे मात्र नव्हे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला 'अर्धसत्य' (१९८३) आठवावा. त्यातील फौजदार वेलणकर पुढाऱ्यांपुढे हतबल होतो आणि त्याचा संताप कोठडीतील एका क्षुल्लक चोराच्या जिवावर निघतो. ज्या दादाला तो पकडू पाहत होता, त्याच्याच दारी त्याला अभय मागण्यासाठी जावे लागते. गोळी कोणावर सुटते यापेक्षा ती कोणाच्या संमतीने सुटते, हे या कलाकृतीने दाखविले. म्हणून ती चार दशकांनंतरही खरी वाटते.

टाळ्या कोणाच्या, लाभ कोणाचा

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो आणि त्याला बगल देणे योग्य नाही. न्यायालयात खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाले सुटतात. मग अत्याचारित स्त्रीच्या आईने कोणाकडे पाहावे? हा प्रश्न विचारणारी आई चुकत नाही. चुकते ते तिला दिले जाणारे उत्तर. हैदराबादमध्ये ६ डिसेंबर २०१९ रोजी बलात्कार व हत्येचे चार आरोपी पोलिसांनी ठार केले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की आरोपींवर मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. आयोगाने दहा पोलिसांवर खुनाचा खटला भरण्याची शिफारस केली. तोवर फुले सुकून गेली होती.

बदलापूरच्या चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत मारला गेला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि 'बदला पुरा' अशी फलकबाजी मुंबईत झळकली. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर जबाबदारी ठेवण्यात आली. या गदारोळात शाळेच्या व्यवस्थापनाने तक्रार का दडपली, गुन्हा नोंदविण्यास विलंब का झाला, हे मूळ प्रश्न मागे पडले. आरोपी जिवंत असता तर ते खटल्यात उभे राहिले असते. चकमकीचा लाभ पीडितेला मिळत नाही. तो सत्तेला मिळतो. न्यायालये वाढविणे, न्यायाधीशांच्या जागा भरणे, साक्षीदारांना संरक्षण देणे या खर्चाच्या आणि कष्टाच्या कामांपेक्षा एक काडतूस स्वस्त पडते.

कम्युनिस्ट चळवळीला हे यंत्र नवे नाही. १८ फेब्रुवारी १९७० रोजी वायनाडमधील तिरुनेल्लीच्या जंगलात वर्गीस पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला, असे सांगण्यात आले. त्याच्या मार्गाशी मतभेद असणाऱ्यांनाही आदिवासी शेतमजुरांतील त्याचे काम ठाऊक होते. १९९८ मध्ये रामचंद्रन नायर या निवृत्त शिपायाने कबुली दिली की पकडलेल्या वर्गीसवर वरिष्ठांच्या आदेशावरून आपणच गोळी झाडली. २०१० मध्ये माजी पोलीस महानिरीक्षक लक्ष्मणा यांना जन्मठेप झाली. सत्य बाहेर यावयास चाळीस वर्षे लागली आणि ते एका शिपायाच्या सदसद्विवेकामुळे आले. आज गुंडावर रोखलेली बंदूक उद्या संघटना बांधणाऱ्या शेतमजुरावर रोखण्यास नवा कायदा लागत नाही. जुन्या टाळ्या पुरेशा असतात.

कार्यकर्त्यांपुढील काम

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी मुंबईच्या चकमकींबाबतच्या याचिकेवर निकाल देताना १६ सूत्रे घालून दिली. गुप्त वार्तेची लेखी नोंद, गुन्ह्याची नोंद, गुन्हे अन्वेषण विभागाकडून किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी, शवविच्छेदनाचे चित्रीकरण, वापरलेल्या शस्त्रांची तपासणी आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढती वा पदक नाही, अशी ती आहेत. या पद्धतीचे पालन झाले नाही असे वाटल्यास मृताच्या कुटुंबाला सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करता येते. परंतु खेड्यातील शोकाकुल कुटुंबाला हे सांगणार कोण?

हे सांगणे हेच कार्यकर्त्याचे काम आहे. घटना घडताच त्या घरी जाणे, तार असो वा आजचा संदेश, वेळेच्या नोंदीसह तो जपून ठेवण्यास सांगणे, शवविच्छेदनाचा अहवाल मागणे, वकील मिळवून देणे आणि साक्षीदाराला एकटे पडू न देणे. मृताचा पूर्वेतिहास कसाही असो, आणि सत्तेवर कोणताही पक्ष असो. उत्तर प्रदेशात १९८० च्या दशकाच्या आरंभी दरोडेखोर निर्मूलनाच्या नावाने काँग्रेस राजवटीतही हेच आरोप झाले होते. चित्रपटाचा प्रेक्षक दिवे लागताच घरी जातो. मोठच्या रस्त्यावर मात्र गोळीबार थांबल्यानंतर एक कुटुंब, एक पंचनामा आणि एक अनुत्तरित प्रश्न मागे उरतो. कार्यकर्त्याचे काम तेथून सुरू होते.